फक्त पट्टी खाली घेतली

१४ जुलै

प्रिय कुरकुऱ्या,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस हे मला दिसतं, आणि उत्तर देत नाहीस हेही दिसतं. म्हणून कागद. न वाचता टाकून द्यायचं म्हटलं तरी पाकीट हातात घ्यावं लागतं, त्यावरचं माझं अक्षर बघावं लागतं, आणि ते बघून तुला मी पाढे म्हणायला कोपऱ्यात बसवायचे ते आठवणार. तेवढं झालं तरी मला पुरे.

भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण ते ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते. तुझ्या कार्यक्रमानंतर तू घामाघूम होऊन पडद्यामागे आलास आणि माझ्याकडे न बघता थेट आईला विचारलंस, कसं झालं. आई म्हणाली, "मला काही ऐकू आलं नाही." तू व्हायोलिन पेटीत ठेवलंस, कड्या लावल्यास आणि निघून गेलास. तेव्हापासून तू तिकडे, आम्ही दोघी इकडे, आणि मध्ये ते वाक्य.

ते वाक्य आपल्या घरात काय आहे हे मला सांगू नकोस. आईकडे गाणं शिकायला आलेल्या प्रत्येकाने ते एकदा तरी खाल्लंय. कोणी बेसूर गायलं तर ती सूर सांगायची, ताल चुकला तर टेबलावर बोटं वाजवायची. पण कोणी नुसतं गोड आणि पोकळ गायलं की खिडकीबाहेर बघत म्हणायची, "मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा म्हण." मला ते चौथीत असताना मिळालं आणि मी सरळ उठून गणिताकडे गेले. तुला ते कधीच मिळालं नव्हतं. मिळालं ते एकदम भरलेल्या सभागृहाच्या मागच्या बाजूला, आणि तेही अर्धंच. "पुन्हा वाजव" हे शब्द त्यात नव्हते. मला वाटतं तुला ते जास्त लागलं.

झालं लिहून. आता माझी बातमी. तुझी पाढेवाली ताई संगीत करायला लागली आहे. हस, हस. मीही आधी हसले होते.

शाळेत आम्ही आलेख काढायला एक प्रोग्राम वापरतो. समीकरण लिहिलं की पडद्यावर रेघ उमटते. साइनची रेघ म्हणजे लाट, हे मी मुलांना अर्धं आयुष्य शिकवत आले. या वर्षी कळलं की तो प्रोग्राम ती लाट स्पीकरमधून सोडतोसुद्धा. सेकंदाला किती लाटा ते तू सांगायचं, आणि तो तोच सूर लावतो. आकडा दुप्पट केला की वरच्या सप्तकातला तोच सूर. मी मुलांसमोर मोठ्या ऐटीत पहिला सूर टाइप केला, बटण दाबलं, आणि काहीच नाही. शांतता. मुलं माझ्याकडे बघताहेत, मी स्पीकरकडे. तंत्रज्ञाला बोलावलं, त्याने वायरी काढून पुन्हा लावल्या, तरी तेच. शेवटी मी स्पीकरच्या पडद्यावर बोट ठेवलं तर तो आपला धडधडत होता. कोन अंशात मोजायचा की रेडियनमध्ये, हे ठरवायचं बटण मी अंशांवर ठेवलं होतं. ज्या चुकीसाठी मी पोरांचे गुण कापते तीच मी केली. लाटा येत होत्या, पण इतक्या सावकाश की कानाच्या खालूनच निघून जात होत्या. बटण बदललं आणि असा सूर निघाला की पहिल्या बाकावरचे सगळे दचकले.

आता माझी मुलं दोन लाटांची बेरीज करतात, तीन लाटांची करतात, दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र सोडून ते फुगतात-ओसरतात ते ऐकत बसतात. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात आलेखांचं गाणं करायचं ठरलंय. त्यासाठी मला तू त्या दिवशी वाजवलेला तुकडा हवा आहे. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, पण वरच्या जलद जागा कानाने नीट सुटत नाहीत. स्वरलिपी पाठव. नाही म्हणायला तरी लिही.

आई ठीक आहे. क्लास बंदच आहे, गुडघ्यांमुळे.

उत्तराची वाट बघणारी आणि वाट बघते हे लपवणारी,
तुझी ताई


२ ऑगस्ट

कुरकुऱ्या,

तुझं कार्ड मिळालं. "स्वरलिपी नाही. माझ्या तुकड्याची पिपाणी करू नकोस." बरं. निदान अक्षर तरी दिसलं. अजूनही 'पि'ची वेलांटी ओढून तू वरच्या ओळीत जातोस.

आज मात्र मी पिपाणीबद्दल लिहायला बसलेली नाही. एक गोष्ट घडली आहे. ती मी जशी घडली तशी सांगते, मध्ये थांबून तुला काही समजावत नाही.

गुरुवारी वर्गात मी मुलांना चढता सूर दाखवत होते. वेळ जसजसा पुढे जातो तसतशा लाटा दाट होत जातात असं समीकरण लिहायचं. पडद्यावर लाटा आधी ऐसपैस असतात, मग एकमेकींना खेटत खेटत शेवटी नुसता काळा पट्टा होतो. आवाज खालून घुमत निघतो आणि वर वर जात किंचाळायला लागतो. मुलांना हा प्रकार फार आवडतो, कारण शेवटी कानावर हात ठेवून ओरडायला मिळतं. तर तो सूर निघाला, वर चढला, मुलांनी कान झाकले, शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या बाई तणतणत दारात आल्या. आणि त्यांच्या मागे आपली आई. मी घराची किल्ली विसरून गेले होते, ती द्यायला आली होती. सगळा वर्ग डोकं धरून बसलेला, भूगोलाच्या बाईंच्या कपाळावर आठ्या, आणि आई शांतपणे आत आली, माझ्या टेबलावर किल्ली ठेवली आणि तिच्या नेहमीच्या, मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, "बंद का केलंस? चांगलं चाललं होतं की."

सूर चालूच होता.

मुलं हसली. त्यांना वाटलं बाईंच्या आई थट्टा करताहेत. मीही त्यांच्यात हसले, कारण दुसरं काय करणार. आई पायऱ्या उतरून फाटकाबाहेर जाईपर्यंत मी खिडकीतून बघत होते. नंतर मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

घरी आल्यावर मी एक सोंग केलं. म्हटलं, आई, माझा स्पीकर मधूनच बंद पडतो असं वाटतंय, तुझा कान माझ्यापेक्षा तयार आहे, जरा बघतेस का, बंद पडला की हात वर कर. प्रोग्राममध्ये एक पट्टी असते, बोटाने सरकवली की आकडा वाढत जातो आणि सूर चढत जातो. मी ती हळूहळू सरकवली. खालचे सूर तिने डोळे मिटून ऐकले. एक सूर तर गुणगुणून दाखवला, अगदी तंतोतंत. पट्टी हजाराच्या जवळ आली आणि तिने हात वर केला. म्हणाली, पडला बघ बंद. मी पुढे सरकवत राहिले. तिचा हात वरच होता. माझे कान किटत होते आणि ती समोर बसून माझ्याकडे बघत होती, काय, खराबच आहे ना, अशा चेहऱ्याने.

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात यायला लागली. शिट्टीची किटली दोनदा जळाली आणि तिसऱ्यांदा आईने बिनशिट्टीची आणली. दारावरची किणकिणणारी घंटा काढून तिने ती घुमणारी, भसाडी बसवून घेतली. मी स्वयंपाकघरातून बोलले तर ती हो म्हणते, मग मी काहीही विचारलेलं असो. आणि गुडघे. गुडघे दुखतात म्हणून तिने गाण्याचा क्लास बंद केला. क्लासचा जिना विद्यार्थी चढत होते, आई नव्हे. मी गणित शिकवते आणि हा हिशेब मला इतके दिवस सुचला नाही.

तुझा तुकडा सगळाच्या सगळा बारीक, उंच सुरांच्या तारेवर आहे. पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत. तो पट्टीवर कुठे येतो ते मी पाहिलं. आईचा हात ज्या जागी वर गेला, तिथून तुझा तुकडा सुरू होतो.

हे पाकीट मी आत्ताच जाऊन टाकते, उद्यावर ठेवत नाही.

ताई


२१ ऑगस्ट

कुरकुऱ्या,

आधीचं पत्र तुला मिळालं असेल. ते टाकून मी घरी आले, आईसमोर बसले आणि स्पीकर चांगला आहे असं तिला सांगितलं. तिला लगेच कळलं. ताकास तूर लागू न देणारी बाई, पण त्या दिवशी तिने आढेवेढे घेतले नाहीत. कपाट उघडून कानाच्या डॉक्टरांचा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तोही आलेखच. डावीकडून एक रेघ येते, बरीचशी सपाट, आणि मधोमध आली की कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली जाते. मी आजवर हजारो आलेख तपासले असतील. त्यातला हा एक मला पुन्हा बघवला नाही.

कानाचं यंत्र तिने लावून पाहिलं आहे. बोलणं थोडं कळतं म्हणे. पण वरच्या सुरांच्या जागी काही उरलेलंच नाही, तिथे आवाज कितीही मोठा केला तरी पोचत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून यंत्र डबीत आणि डबी कपाटात.

मी तिला विचारलं, त्या दिवशी तुला नक्की काय ऐकू आलं.  म्हणाली, "त्याचा गज तारांवर हलत होता. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मला माझा स्वतःचा श्वास ऐकू येत होता." आणि मग जरा चिडूनच, "मी खोटं काय बोलले त्याच्याशी? त्याने विचारलं, मी खरं ते सांगितलं."

म्हटलं, मग तो गैरसमज करून निघाला तेव्हा का नाही थांबवलंस? त्यावर तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "मी कठोर बाई म्हणून राहीन. बहिरी बाई म्हणून नाही राहायचं मला. आणि त्याला कळलं तर तो माझ्यासाठी जपून वाजवायला लागेल. तसं वाजवलेलं मला नको."

मला तिचा राग आला आणि दयाही आली, आणि तिला दया दाखवली तर ती मला घराबाहेर काढेल हे माहीत असल्यामुळे मी राग तेवढा दाखवला. आमचं चांगलंच वाजलं. शेवटी तिने माझ्याकडून शब्द घेतला की तुला यातलं काही सांगायचं नाही. मी शब्द दिला. पत्र तोवर टपालपेटीत पडलेलं होतं. तेव्हा नीट लक्षात घे, मी शब्द मोडलेला नाही, उशिरा दिला आहे. आणि हे जे आत्ता लिहितेय ते तुला आधीच माहीत असलेल्या गोष्टीचं स्पष्टीकरण आहे, सांगणं नव्हे. गणितात हे चालतं.

आता माझं म्हणणं ऐक. तू इतके महिने एका वाक्यावर रुसून बसला आहेस. त्या वाक्याचा अर्थ फक्त तेवढाच होता जेवढे त्यात शब्द आहेत. रडायचं असेल तर रड, मीही रडले. पण नंतर उठ आणि काहीतरी कर. मला सुचलं तर मीही करते. मला बहुतेक सुचेल.

ताई


९ सप्टेंबर

कुरकुऱ्या,

तुझं रेकॉर्डिंग पोचलं. सोबत एक ओळसुद्धा नाही, नुसता तुकडा. तोच तुकडा जाड तारेवर उतरवून वाजवलेला. मी बंद दाराआड एकदा ऐकला. गंभीर, सावकाश, मखमली. मला वाटलं, सुटला प्रश्न. मुलगा शहाणा झाला.

मग मी तो आईला ऐकवला. काय आहे ते सांगितलं नाही, नुसता हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. दोन-तीन स्वर झाले असतील, ती म्हणाली, "हा त्याचा गज आहे." तिचा चेहरा असा उजळला की मी खिशातून रुमाल काढायला लागले. पण ती ऐकत गेली तसा तो चेहरा हळूहळू बदलला. शेवट व्हायच्या आतच तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, "हे त्याने आजाऱ्याला भरवल्यासारखं वाजवलंय. सगळ्या अवघड जागा काढून टाकल्यात." आणि मग माझ्याकडे बघून, "तू सांगितलंस त्याला."

शब्द उशिरा दिल्याचा माझा युक्तिवाद तिला पटला नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, भांड्यांशी बोलते. तुझ्यावर ती चिडलेली नाही, हे मात्र सांगते. तुझ्यावर ती हिरमुसली आहे. चिडणं परवडलं.

मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, आणि मूळ रेकॉर्डिंगशेजारी ठेवून दोघांच्या लाटा पडद्यावर बघितल्या. आई बरोबर बोलते आहे. मूळ तुकड्यात तू वर जाताना जी गिरकी घेतोस ती इथे नाही. जाड तारेवर ती बसतच नसणार, ते मी समजू शकते. पण जिथे बसली असती तिथेही तू घेतलेली नाहीस. तू प्रेमाने वाजवलंस, कुरकुऱ्या, आणि प्रेमाने गाणं मऊ केलंस. तिला तेच नको होतं.

तर असे आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत. यातून वाट मी काढली असं मला मोठ्या तोऱ्यात लिहायचं होतं, पण ती आईने काढली. काल संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. भांडी आदळून झाली होती. म्हणाली, तुझ्या त्या यंत्रात त्या दिवशीचं घालता येईल का? त्या दिवशी जसं होतं तसं. चुका असतील तर चुकांसकट. फक्त मला ऐकू येईल अशा जागी.

मी तिला दाखवलं. एक स्वर म्हणजे एक समीकरण. लाटा किती, सुरू कधी, संपणार कधी, मोठा किती. आणि सगळ्या समीकरणांमध्ये लाटांच्या आकड्याला भागणारा एकच सामायिक आकडा, तो त्या सरकपट्टीवर. तिथे एक असला की तुकडा तुझ्या जागी. दोन केला की एक सप्तक खाली. चार केला की दोन सप्तकं खाली, म्हणजे आईच्या दारात. बाकी काही बदलत नाही. तुझी घाई तशीच, थांबणं तसंच, गिरकी तशीच. तू वाजवायला बसलास तर तुला दया येणार, माझ्या प्रोग्रामला ती येत नाही, आणि सध्या आपल्याला त्याच्या याच गुणाची गरज आहे.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे फक्त पट्टी खाली घ्यायची." मी म्हटलं, हो. तिने शिकवायला घेतलेल्या प्रत्येक मुलीची पट्टी आधी शोधली, मग गाणं दिलं. तिला यात नवल काहीच वाटलं नाही. मलाच वाटलं, की इतके दिवस आम्ही दोघी 'पट्टी' हा एकच शब्द दोन खोल्यांत वापरत होतो.

स्वरलिपी पाठव. या वेळी पिपाणी म्हणू नकोस.

ताई

ता. क. आलेख नुसता साइनचा केला तर तो आईच्या भाषेत "फ्रिज गातोय" असा येतो. गज तू तारेवर कसा टेकवतोस आणि कसा उचलतोस, हे प्रत्येक स्वराला लावावं लागेल. तेही लिहून पाठव.


६ ऑक्टोबर

प्रिय कुरकुऱ्या,

स्वरलिपी परतीच्या टपालाने आली, आणि तिच्या समासात तुझं ते बारीक अक्षर: "इथे गज वळतो. इथे श्वास." मी ते समास आईला दाखवले नाहीत. का ते सांगते.

आम्ही रोज संध्याकाळी बसायचो. स्वर तुझ्या कागदावरून, वेळ रेकॉर्डिंगवरून. प्रत्येक स्वर नेमका कुठे सुरू होतो ते मी लाटांच्या चित्रात मोजत होते. गज कुठे वळतो ते टाइप करायची वेळ आली तेव्हा मी तुझा कागद हळूच मांडीवर घेतला, आणि आई म्हणाली, "इथे वळतो." मी कागद बघितला. तिथेच. पुढच्या ओळीत ती म्हणाली, इथे नाही वळत, इथे तो ओढून नेतो, शेवटाला टोकापर्यंत. कागदावर तेच. सबंध तुकडाभर ती असं सांगत गेली. कारण त्या संध्याकाळी तिने दुसरं काही केलंच नव्हतं. तुझ्या गजावरून तिची नजर एकदाही हललेली नव्हती. तिला सूर ऐकू आला नव्हता, पण तुझा हात तिला आख्खा पाठ होता.

मी तेव्हा उठून पाणी प्यायला गेले. आईने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, तहान.

शनिवारी तुकडा पुरा झाला. आईने केस विंचरले, बाहेर जायची साडी नेसली. मी म्हटलं, अगं घरातच ऐकायचंय. तर म्हणाली, "कार्यक्रम आहे." खुर्ची सरळ केली, हेडफोन लावला. मी पट्टी एकावर ठेवून सुरू केलं, म्हणजे तुझ्या जागेवरून. तिला काही ऐकू आलं नाही, तिने नकारार्थी मान हलवली. मग तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतःच्या बोटाने पट्टी सरकवली. दोनवर तिने भुवया उंचावल्या. चारवर आली आणि थांबली.

मला बाहेर काही ऐकू येत नव्हतं, कुठवर आलं ते फक्त पडद्यावर दिसत होतं. त्या दिवशीच्या तिच्या जागी मी बसले होते म्हण. तिचं बोट पट्टीवरच होतं आणि दुसरा हात मांडीवर तुझा गज धरल्यासारखा इकडून तिकडे जात होता. पहिली ओळ झाली. गिरकी आली, तिने डोळे मिटले. दुसऱ्या ओळीच्या शेवटाला तिच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. शेवटचा लांब स्वर तू जिथे सोडतोस तिथे तिने श्वास सोडला, तुझ्याबरोबरच. तुकडा संपला. गालावरून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही. ती माझ्यासमोर पहिल्यांदाच अशी रडली.

मग हेडफोन काढून म्हणाली, "दुसऱ्या ओळीचा शेवट घाईत आहे."

मी म्हटलं, असेल, माझीच मोजताना चूक झाली असेल. ती म्हणाली, तपास. मी तपासलं. मूळ रेकॉर्डिंग काढलं, लाटांवर लाटा ठेवून बघितल्या. चूक माझी नाही, कुरकुऱ्या. तुझीच आहे. त्या दिवशी तू तिथे खरोखर घाई केलीस, आणि ती माझ्या समीकरणांतून, दोन सप्तकं खाली उतरून, जशीच्या तशी तिच्यापर्यंत पोचली. जाड तारेवरच्या रेकॉर्डिंगमध्ये तू ती सुधारलेली होतीस. म्हणून मी म्हणते की हा तुकडा तिने आत्ता पहिल्यांदा ऐकला.

शाळेच्या कार्यक्रमाला मुलांनी "गाणारा फ्रिज" नावाचं काहीतरी बसवलं आहे, ते चांगलं होणार. भूगोलाच्या बाईंनाही त्यात एक लाट दिली आहे. आई परवा क्लासची खोली झाडत होती. खालच्या आवाजाच्या मोठ्या मुलांना शिकवीन म्हणते, आणि काय ऐकू येत नाही ते पहिल्याच दिवशी सांगून टाकीन. दाराला तीच भसाडी घंटा राहणार. गुडघ्यांचा विषय घरात आता निघत नाही.

माझं लिहून झालं. मी मघाशी पाकीट चिकटवायला घेतलं तर आईने ते हातातून काढून घेतलं, माझ्याच वहीचं पान फाडलं आणि खिडकीशी बसून लिहिलं. मला वाचू दिलं नाही, पण घडी घालताना तिने ती उलटी घातली, त्यामुळे वाचलं. सोबत ठेवते आहे. तुझी खोली झाडून ठेवली आहे, तीही तिनेच.

तुझी ताई


चि. बाळास,

ऐकू आलं.

दुसऱ्या ओळीचा शेवट घाईत घेतोस. पुन्हा वाजव. बारीक तारेवरच, होतं तसंच. मी समोर बसून गज बघेन.

आई